पैमाईशरावांचं माप

आमच्या थोरल्या पोराच्या बारशाला पैमाईशराव आले, तेव्हा त्यांनी पाळण्याकडं पाहिलंसुद्धा नाही. उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला, मान वर केली आणि छताकडं बघत उभे राहिले. पाळणा म्हणणाऱ्या बायका मध्येच थांबल्या. माझ्या आईला वाटलं, वर साप निघाला की काय. बऱ्याच वेळानं त्यांची नजर खाली आली आणि त्यांनी मला विचारलं, "इथं किती लोक झोपता?"

"तीन," मी म्हणालो. मग पाळण्याकडं बघून सुधारलं, "आता चार."

"आन् ही भिंत मावळतीची ना?"

"हो."

"मंग पाळणा तिकडं सरकवा. दुपारून ही भिंत तव्यावानी तापती."

मी काही बोलायच्या आत आईनं आणि बायकोनं दोन्हीकडून धरून पाळणा सरकवलासुद्धा. पोराचं नाव काय ठेवलं हे त्यांनी विचारलं नाही. बुंदीचा लाडू खाल्ला, दाराची उंची डोळ्यांनी मोजली आणि गेले. माझ्या घरात, माझ्या पोराच्या बारशाला, माझा पाळणा दुसऱ्याच्या सांगण्यावरून हलला. तेव्हापासून हा माणूस मला सलायला लागला, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढं जे सांगणार आहे, त्यात माझी बाजू काही बरी नाही.

त्यांचं खरं नाव गुणवंतराव. निजामाच्या राज्यात जमीन मोजणीचं जे खातं होतं, त्यात त्यांनी सगळी उमर घालवली. मोजणीला तिकडं पैमाईश म्हणत. अंबडपासून पार भोकरदनपर्यंत असं एक शेत नसेल ज्याच्या बांधावर त्यांची साखळी पडली नाही. वजीफा, म्हणजे पेन्शन, सुरू झाली तसे ते जुन्या जालन्यात आमच्या शेजारी दोन खोल्यांत येऊन राहिले. साखळी सरकारजमा झाली, पण मोजायची सवय काही सुटली नाही. शेतं संपली म्हणून त्यांनी माणसांच्या खोल्या मोजायला घेतल्या.

त्यांना मोजायचा असायचा गारवा. आता हे नीट सांगायला हवं. आमच्या जालन्याचा उन्हाळा म्हणजे होळीनंतर जो चढायचा तो मृगापर्यंत उतरायचं नाव नाही. वीज आमच्या गल्लीत आलेली नव्हती. ज्याची ऐपत असेल तो दाराला वाळ्याची ताटी लावायचा. बांबूची चौकट, तिच्यात वाळ्याची मुळं दाबून बांधलेली, वर बाहेरून पाणी मारायचं. उन्हाची झळ त्या ओल्या मुळांतून आत आली की गार वारा होऊन यायची आणि घरभर वास सुटायचा. सोपी गोष्ट. दाराएवढी ताटी आणा, लावा, पाणी मारा. पैमाईशराव येईपर्यंत आम्ही सगळे असंच समजत होतो.

"बिलकुल गलत!" ते म्हणायचे. "दार मोजून ताटी घेता? डोकं मोजून जोडा घेता का?"

त्यांचा हिशोब असा. आधी खोलीची लांबी-रुंदी, त्यावरून ताटीचे मूळ हात. वर पत्रा असेल तर एक हात जास्त. पत्र्याऐवजी मातीचं माळवद असेल तर अर्धा हात कमी. मावळतीची भिंत असेल तर एक वीत धरायची. शेजारी चूल असेल तर आणखी एक वीत. दारात लिंबाची सावली असेल तर तेवढी वजा. माणसं चारच्या वर असतील तर माणशी चार बोटं. आणि शेवटी ते सगळ्यांसमोर विचारायचे, "घरात रागीट कोण हाये?" कोणी उत्तर द्यायचं नाही, पण सगळ्या माना एकाच दिशेनं वळायच्या. मग पैमाईशराव त्या माणसाकडं नीट बघून आणखी चार बोटं लिहून घ्यायचे. आमच्या घरी त्यांनी हा प्रश्न गमतीनं विचारला, तेव्हा आई, बायको आणि सोबत बसलेली शेजारीण, तिघी माझ्याकडं बघायला लागल्या.

एवढं सगळं झालं की ते चिठ्ठी लिहायचे. ती चिठ्ठी घेऊन रहीमभाईकडं जायचं. रहीमभाई आमच्या बाजारात ताट्या बांधायचा. आणि हे सगळं ज्यानं उलटं केलं, म्हणजे आधी ताटी सांगितली आणि मग मोजायला बोलावलं, त्याच्या तोंडावर ते बोट नाचवत म्हणायचे, "पैले पैमाईश, मंग फर्माईश!"

हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचं. लुगडं घेणाऱ्या बाईला, बैल घेणाऱ्या शेतकऱ्याला, सोयरीक करणाऱ्या बापाला, सगळ्यांना तेच. एकदा गल्लीतल्या लोकांनी त्यांना वडीलधारे म्हणून मुलगी बघायला नेलं. परत आल्यावर मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी कशी वाटली?" पैमाईशराव म्हणाले, "मुलगी चांगली हाये. पर तुमची मधली खोली तिला सोसायची न्हाई. तिचा चेहरा उन्हानं लाल होतो. तिला उगवतीची खोली द्या." सगळे हसले. लग्न झालं, आणि सासूनं खरंच त्या पोरीला उगवतीची खोली दिली. ती पोर पुढं पाच-सहा वर्षं संक्रांतीला पहिलं वाण पैमाईशरावांच्या घरी पाठवायची.

जिनिंगच्या एका शेठचं प्रकरण तर गावभर झालं. शेठनं नवी बैठक बांधली आणि चारी दारांना मोठ्या ताट्या लावायचं ठरवलं. पैमाईशराव बघून म्हणाले, "शेठ, दोन लावा. त्याबी लहान. आन् समोरची खिडकी उघडी ठेवा. वारा आत आला तर त्याला जायला वाट पाहिजे. गारवा म्हंजे पाणी न्हाई, गारवा म्हंजे वारा." शेठनं ऐकलं नाही. पंधरा दिवसांत गाद्यांना बुरशी आली, तक्क्यांना कोंदट वास सुटला, आणि लांबून आलेला एक पाहुणा बैठकीतून उठला तेव्हा त्याच्या धोतराला मागं ओला डाग होता. तेव्हापासून तो शेठ न विचारता घरात माठसुद्धा ठेवायचा नाही.

आता माझ्याकडं बघा. बाजारात माझं कापडाचं दुकान. बापापासून चाललेलं. दिवसभर माझ्या हातात लोखंडी गज. खण, लुगडी, धोतरं, सगळं मी मोजायचो. गावात मोजण्यावरून कोणाला मान द्यायचाच असेल तर तो मला द्यायला हवा होता की नाही? पण मान त्यांना. एकदा एक बाई पोरीच्या परकराचं कापड घ्यायला आली. मी म्हणालो, पाच हात लागेल. तेवढ्यात पैमाईशराव दुकानावरून चालले होते. बाईनं माझ्या फळीवर बसूनच हाक मारली, "ओ गुणवंतराव, पाच हात बराबर हाये का?" त्यांनी पोरीकडं एकदा पाहिलं, म्हणाले, "साडेचार." आणि चालायला लागले. बाईनं साडेचार घेतलं. आठ दिवसांनी ती पोर तो परकर घालून माझ्या दुकानावरून नाचत गेली. नीट बसला होता. मी मुद्दाम उठून, दारात येऊन, घोट्यापर्यंत बघितलं. कुठं आखूड नव्हता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

घरी तर बोलायची सोय नव्हती. बायको म्हणायची, "गुणवंतकाका म्हणले, रांजण कोपऱ्यातून काढा." रांजण निघायचा. आई म्हणायची, "गुणवंतरावानं सांगितलंय, मला भिंतीला टेकून बसायचं न्हाई." आणि आई, जिनं जन्मात माझी कधी तारीफ केली नाही, दुकान दुप्पट वाढवलं तेव्हासुद्धा "तुझा बाप असता तर तिप्पट केलं असतं" म्हणाली, ती आई कैरीचं पन्हं केलं की पहिला पेला काढून ठेवायची. कोणासाठी, ते सांगायला नको. मी ओट्यावर बसून त्यांच्याकडं येणारे लोक मोजायला लागलो. सकाळी किती, दुपारी किती. माझ्या दुकानात गिऱ्हाइकं किती आली याच्यापेक्षा मला तो आकडा पाठ असायचा.

आईला दमा होता. त्या वर्षी ऊन असं काही पडलं की विहिरीचा तळ दिसायला लागला. आईला घरात कोंडल्यासारखं व्हायचं. बायको म्हणाली, "आत्याबाईंच्या खोलीला ताटी लावू. गुणवंतकाकांना बोलावू का?"

"काही बोलवायचं न्हाई," मी म्हणालो. "मी बघतो."

मी रहीमभाईकडं गेलो. म्हणालो, "मोठी ताटी बांध. सात हात."

रहीमभाईनं हात पुढं केला. "चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी? मी सांगतोय ना!"

"शेट, चिठ्ठी बगैर मैं सात हात नै बांधतूं," तो शांतपणे म्हणाला. "गुणवंतराव बिगडते."

हा म्हणजे कडेलोट झाला. मी तसाच उठलो. कापड आणायला औरंगाबादेला जायचंच होतं. तिथं एका कारागिराकडून सात हातांची ताटी बांधून घेतली आणि रेल्वेनं आणली. स्टेशनापासून गल्लीपर्यंत बैलगाडीत ती उभी करून आणावी लागली, आडवी मावेना. रस्त्यानं लोक विचारत होते, "केशवशेट, मांडव कुठं पडलाय?" मी गाडीच्या पुढं चालत होतो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

ताटी एवढी मोठी की आईच्या खोलीचं मावळतीचं दार आणि बाजूची खिडकी दोन्ही झाकून वर वीतभर उरली. चार हमालांनी ती दोरांनी आवळली. गल्ली गोळा झाली. पैमाईशरावही आले. त्यांनी ताटीकडं पाहिलं, खोलीकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"पैमाईश कोणी केली?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"आम्हीच. गज आमच्याकडंबी हाये."

"मायला दमा हाये ना?"

"म्हणून तर एवढी मोठी आणली."

त्यांनी उगवतीच्या खिडकीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "ठीक हाये. पर उगवतीची खिडकी तेवढी उघडी ठेवा. दिवसभर. येवढं ऐका माझं."

ते गेल्यावर आईनं आतून विचारलं, "केशवा, त्यांना विचारून आणली ना?"

"हो," मी म्हणालो. "तेच म्हणाले सात हात."

आणि उगवतीची खिडकी मी स्वतः जाऊन लावून घेतली. कडी घातली. का लावली असं कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. खरं कारण वेगळं होतं. त्यांनी उघडी ठेवा म्हटलं होतं, म्हणून लावली.

पहिले तीन दिवस आमच्या घराला जत्रेची कळा आली. भर उन्हात लोक यायचे, आईच्या खोलीत पाय टाकायचे आणि "आहाहा!" करायचे. मी ते "आहाहा" दारात उभा राहून ऐकायचो. बायको आणि कामाची बाई पाण्याच्या घागरी आणून दमल्या. ताटी मोठी, तिला पाणीही तसंच लागायचं. आई अंगावर चादर ओढून बसायची. एवढ्या उन्हाळ्यात चादर! मला त्याचाही अभिमान वाटला.

चौथ्या दिवशी भिंतीला ओल आली. पाचव्या दिवशी आईचा खोकला सुरू झाला. बायको म्हणाली, "खिडकी उघडू का?" मी म्हणालो, "हात लावायचा न्हाई."

सहाव्या दिवशी दुपारी मी दुकानात बसून एका गिऱ्हाइकाला माझ्या ताटीबद्दलच सांगत होतो, आणि कामाची बाई धापा टाकत आली. "शेट, चला. मायचा जीव घाबरून राह्यलाय."

मी पोचलो तेव्हा ताटी रस्त्यात पडली होती. दोर विळीनं कापलेले. घराची सगळी दारं-खिडक्या सताड उघडी. आईला ओट्यावर आणून बसवलं होतं. तिच्या पाठीमागं पैमाईशराव गुडघ्यावर बसले होते, एका हातानं तिला पुढं झुकवून धरलेलं आणि दुसऱ्या हातानं पाठ चोळत होते. "हळू माय, हळू. तोंड उघडा. मी मोजतो, तुम्ही श्वास घ्या. एक... दोन..." आई त्यांच्या आकड्यांवर श्वास घेत होती. शेजारचे हकीमसाहेब पुडीतलं औषध पाण्यात कालवत होते. गल्ली जमली होती.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगतो, कारण सगळं सांगायचं ठरवलंय. आई मरती की काय ही भीती वाटली, पण तिच्याआधी, एक क्षणभर आधी, वाटलं की हा माणूस माझ्या आईला धरून का बसलाय? ती जागा माझी आहे. एवढी माझी मजल गेली होती.

हळूहळू आईचा श्वास ताळ्यावर आला. ओठांचा निळेपणा गेला. हकीमसाहेब म्हणाले, "आता भीती नाही. पण ओलीत ठेवू नका." आईनं डोळे उघडले. मागं वळून पैमाईशरावांकडं पाहिलं आणि तुटक तुटक म्हणाली, "गुणवंतराव... सात हात... तुम्हीच सांगितलं ना ओ?"

सगळी गल्ली ऐकत होती. रहीमभाईसुद्धा धावत आला होता, तो कोपऱ्यात उभा होता. पैमाईशरावांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं आता. मी खाली बघायला लागलो.

"हां माय," ते म्हणाले. "मीच सांगितलं. माझी पैमाईश गलत झाली."

आईनं त्यांचा हात थोपटला. "होतं... माणसाच्या हातून," ती म्हणाली.

त्यानंतरचं सांगायला लाज वाटते. दोन दिवसांत गावभर झालं की पैमाईशरावांचं माप चुकलं आणि म्हातारी मरता मरता वाचली. ज्या घरांत त्यांच्या मापाच्या ताट्या वर्षानुवर्षं सुखानं लागलेल्या होत्या, त्या घरांतल्या लोकांना एकाएकी त्या लहान वाटायला लागल्या. "म्हातारे झाले आता," लोक म्हणाले. जिनिंगच्या शेठनं माठ आपला आपण हलवला. रहीमभाईसुद्धा गिऱ्हाइकानं चिठ्ठीशिवाय माप सांगितलं तर मुकाट्यानं बांधायला लागला. पैमाईशराव ओट्यावर बसलेले असायचे. समोरून माणसं नमस्कार करून पुढं जायची. मी मोजत होतो. पहिल्या दिवशी दोन आले, दुसऱ्या दिवशी एक, मग कोणीच नाही.

आणि मला बरं वाटलं. दोन दिवस खरंच बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी एक ओळखीचा दुकानदार मला म्हणाला, "केशवशेट, तुमच्याकडं गज हाये. येऊन जरा आमची खोली बघा." मी गेलो. किती वर्षं मला हेच हवं होतं! खोलीच्या मधोमध उभा राहिलो, मान वर केली, छताकडं बघितलं. लाकडं दिसली. घरातली माणसं ओळीनं उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती. आता पुढं काय विचारायचं? मी लांबी मोजली, रुंदी मोजली. एक म्हातारा बाजेवर खोकत होता. त्याच्याकडं बघून मी गज खाली घेतला. "मी उद्या सांगतो," असं म्हणून बाहेर पडलो. रस्त्यानं येताना मला कळलं की त्यांचं माप मला येत नाही, हे तर झालंच. पण त्यांनी माझ्यासाठी जे खोटं सांगितलं, तसं खोटं सांगणंही मला कधी जमलं नसतं. आजवर त्यांच्या मानाचा हेवा करत होतो. त्या दिवसापासून त्यांचाच हेवा वाटायला लागला, आणि हा आधीच्यापेक्षा जास्त जाळणारा होता.

घरी येऊन आईच्या पायाशी बसलो. सगळं सांगितलं. औरंगाबाद, सात हात, खिडकीची कडी, सगळं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला कशाला सांगून राह्यला? जिथं त्यांचं नाव गेलं, तिथं जाऊन सांग." आणि तोंड फिरवून बसली.

भर बाजाराच्या वेळी रहीमभाईच्या दुकानापुढं उभा राहिलो. दहा-बारा माणसं होती. सांगितलं. आवाज मोठा ठेवला, नाहीतर परत सांगायची हिंमत झाली नसती. रहीमभाईनं दाताखालची सुतळी काढली आणि म्हणाला, "शेट, इत्ते दिन लगे?" बस, एवढंच. माझ्या दुकानाला त्या महिन्यात गिऱ्हाईक कमी झालं. व्हायलाच हवं होतं.

तिथून पैमाईशरावांकडं गेलो. शेजारी राहून इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या घराचा उंबरा मी ओलांडला नव्हता. ते जमिनीवर बसले होते, डोक्याला ओला पंचा. मी सांगितलं, सगळ्यांना खरं सांगून आलो.

ते एकदम चिडले. "कामून सांगितलं? माय काय म्हणली? तिला तरास झाला का?"

"न्हाई. तिनंच पाठवलं."

ते जरा शांत झाले. मी विचारलं, "तुम्ही का अंगावर घेतलं, गुणवंतराव? तुमची उमर गेली मोजण्यात."

"मंग काय करू?" ते म्हणाले. "मायला दम लागलेला. त्यात पोटचं पोरगं खोटं बोललं हे ऐकवू? माझं चुकलं म्हणल्यावर घरात कोणाला वाईट वाटतं, केशवशेट? कोण हाये? बायको गेली तवा मी परतूरकडं मोजणीच्या तंबूत होतो. मंग तंबूतच राह्यलो. तुमचं चुकलं तर रडायला चार माणसं हायेत."

बसल्या बसल्या घामानं माझा सदरा पाठीला चिकटला. खोली अशी तापलेली की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. वर पत्रा, मावळतीची भिंत, लिंबाची सावली नाही. त्यांच्याच हिशोबानं इथं सगळ्यात आधी ताटी हवी. मी दाराकडं पाहिलं. चौकट मोकळी होती. खिळासुद्धा मारलेला नव्हता.

"तुमच्याकडं ताटी न्हाई?" मी विचारलं.

ते हसले. "ताटीला बाहेरून पाणी मारायला माणूस लागतं," ते म्हणाले, "आन् गारव्यात बसायला आत माणूस लागतं. मी दोन्हीकडं कसा असू?"

दुसऱ्या दिवशी मी माझा गज घेऊन त्यांच्या घरी गेलो. खोली मोजली, पत्रा धरला, भिंत धरली, माणूस एक. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, नुसते कोपऱ्यात उभे राहून बघत होते. मी घाबरत घाबरत म्हणालो, "साडेतीन?" त्यांनी बराच वेळ छताकडं पाहिलं आणि म्हणाले, "पावणेचार. पर ठीक हाये."

रहीमभाईनं दोन दिवसांत ताटी बांधून स्वतः आणून लावली. त्या दुपारी मी दुकान लावून घेतलं, दोन घागरी भरल्या आणि त्यांच्या दाराबाहेर उन्हात उभा राहून तांब्यानं पाणी मारायला लागलो. "अहो, दुकान?" त्यांनी आतून विचारलं. "बंद हाये. बसा," मी म्हणालो. मग आतून काही आवाज आला नाही. मला वाटलं झोप लागली असेल. ओल्या मुळांच्या फटीतून डोकावलो. ते खोलीच्या मधोमध ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोक्याला पटका बांधलेला, कोणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून आल्यासारखे. मी तिसरा तांब्या मारला, चौथा मारला. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच पटका काढला आणि शेजारी जमिनीवर ठेवला.